सूर्यास्तानंतरचं पाणी

माझ्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत तिचं कौतुक ऐकताना माझी मान खाली जायची. लोकांना वाटायचं, माणूस नम्र आहे. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, प्रवचनाला गेलं, कुणाच्या घरी लग्नाला गेलं, भुसावळच्या गाडीत कुणी ओळखीचं भेटलं, की हमखास कुणीतरी म्हणायचं, "वहिनींसारखं मरण भाग्यवंतालाच येतं, शेवटच्या रात्रीही व्रत मोडलं नाही." मी हात जोडायचो. घरी आलो की सामायिकाच्या ध्यानाला बसायचो, अठ्ठेचाळीस मिनिटं घड्याळाकडे बघायचो आणि उठायचो. माळेचा एक मणीसुद्धा मनापासून पुढे सरकत नव्हता.

आम्ही मारवाडी जैन. घरात मारवाडी बोलतो, दुकानात मराठी, देवाधर्माचं बोलताना दोन्ही. चौविहाराचं व्रत आमच्याकडे पुष्कळ जण पाळतात. सूर्य मावळल्यापासून सकाळपर्यंत अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. आणि दिवसा प्यायचं तेही उकळून गार केलेलं, कारण कच्च्या पाण्यात जीव असतात अशी आमची श्रद्धा आहे. आम्ही दोघांनी लग्नानंतर पाचव्या वर्षी हा नियम घेतला. तीस वर्षांत प्रवास झाले, बाळंतपण झालं, ताप आले, नियम मोडला नाही. मला त्याचा अभिमान होता. हिला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी हिला घरी न्यायला सांगितलं होतं. आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, त्रास होऊ देऊ नका, एवढंच ते म्हणाले. एका संध्याकाळी, दिवे लागून थोडा वेळ झाला होता, हिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "थोडं पाणी." तांब्या हाताशी होता. मी म्हणालो, "तुझा चौविहार आहे ना? सकाळी देतो." हे मी प्रेमानंच म्हणालो. तिनं परत मागितलं नाही. उजाडायच्या आत ती गेली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, शेवटी काही घेतलं का, आणि मी म्हणालो, "नाही, चौविहार होता." तेवढ्या एका वाक्यावर सगळं कौतुक उभं राहिलं. आमची मुलगी कॅनडाहून तिसऱ्या दिवशी पोचली, तिलाही मी तेच सांगितलं.

वर्षश्राद्धासारखं आमच्यात काही नसतं, पण वर्ष झाल्यावर मुलीनं मला तिच्याकडे बोलावून घेतलं. महिनाभर राहिलो. तिथं तळी इतकी, की आपल्याकडे तितक्या विहिरी नसतील. तिच्या शेजारी एक पंच्याहत्तरीचा म्हातारा राहायचा. तो दर उन्हाळ्यात गाडीच्या टपावर कनू बांधून एकटाच निघायचा आणि दोन रात्री रानात तंबूत राहून परत यायचा. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका वल्ह्यानं चालणारी होडी. मुलीनं मला तिच्यात बसवून वल्हं मारायला शिकवलं. मी त्या म्हाताऱ्याला एकदा विचारलं, एकटे तिथं काय करता? मुलीनं भाषांतर करून सांगितलं, "म्हणतायत, काही नाही." मला त्या माणसाचा हेवा वाटला. दोन दिवस कुणी ओळखत नाही, कुणी कौतुक करत नाही, काही नाही.

जळगावला परत आलो तो ते डोक्यात घेऊनच. कापडाचं दुकान आधीच पुतण्याकडे सोपवलं होतं, त्यामुळे वेळ भरपूर. एमआयडीसीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि कुलरची खोकी बनवणारे एक कारागीर आहेत. त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी साच्यासाठी तीन आठवडे घेतले आणि लाल रंगाची एक वस्तू तयार केली. ती पाण्यावर तरंगते आणि सरळ जाते, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. स्थानकात बातमी पोचलीच. एक मित्र म्हणाला, "अहो, आपल्यात पाण्याच्या जिवांना दुखवू नये म्हणून आंघोळ मोजून करतात, आणि तुम्ही हौसेनं वल्हं मारायला निघालात?" त्याचं चुकत नव्हतं. मी हसून टाळलं, पण मला बोचलं, कारण मी धर्माचा पक्का म्हणून ओळखला जाणारा माणूस होतो आणि ती ओळख मला फार प्यारी होती.

हतनूर धरणाचा फुगवटा तापी आणि पूर्णेत लांबवर पसरलेला आहे. थंडीत तिथं पक्षी बघायला लोक येतात. मी मार्चमध्ये निघालो, हीच पहिली मोठी चूक. खानदेशात मार्चला थंडीचा शेवट समजणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर माझ्यासारखा आयुष्यभर पंख्याखाली गादीवर बसलेला. आदल्या महिन्यात पुतण्याला बरोबर घेऊन तीनदा सराव केला होता, धरणाच्या चौकीवर विचारून ठेवलं होतं. छोट्या टेम्पोत कनू टाकून नशिराबाद, भुसावळ करत पूर्णेच्या काठच्या एका गावाशी उतरलो. टेम्पोवाल्याला सांगितलं, उद्या दुपारी इथंच ये. सामानात तंबू, सतरंजी, पुऱ्या, कोरडी चटणी, खाकरे, आणि दहा लिटरच्या कॅनमध्ये उकळून गार केलेलं पाणी. मोबाइल एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून कनूच्या तळाशी ठेवला. साडेबारा वाजता मी एकटा निघालो.

पहिला तास फार चांगला गेला, हे कबूल करायला हवं. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. टिबुकल्या बुडी मारायच्या आणि भलतीकडेच वर यायच्या. दूरच्या काठावर केळीच्या बागा आणि त्यांच्या पंपांचे पाण्यात उतरलेले पाइप. वल्ह्याचा आवाज सोडला तर काही नाही. म्हाताऱ्याचं 'काही नाही' मला थोडं कळलं. मग ऊन चढलं. मी पाणी कमीच प्यायलो, आणि कारण सांगायला लाज वाटते: कनूत उभं राहता येत नाही, आणि बासष्टाव्या वर्षी पाणी प्यायल्यावर उठावं लागतं. शिवाय माझी सवय अशी, की सूर्य मावळण्याआधी तांब्याभर पाणी एकदम पिऊन घ्यायचं म्हणजे रात्र निभते. तेव्हा म्हटलं, आता थोडी कळ काढू, बेटावर पोचलो की भरपूर पिऊ.

चारच्या सुमाराला मी एका बेटाला लागलो. बेट म्हणजे पाणी ओसरल्यावर वर आलेली एक उघडी टेकडी, तीन-चार बोरीबाभळी असलेली. काठाशी ओलं हिरवं गवत होतं. कनू ओढून वर घ्यावी म्हणून वाकलो, तर त्या गवतात ज्वारीच्या दाण्याएवढ्या शेकडो गोगलगायी. होडी ओढली असती तर सगळ्या चिरडल्या असत्या. आमच्याकडे जयणा म्हणतात, पाऊल टाकायच्या आधी खाली बघायचं, जीव वाचवायचा. तेव्हा मी कनू पाण्यातच ठेवली आणि नायलॉनची दोरी एका बुडालेल्या खोडाला बांधली. गाठ मारली ती दुकानात कापडाच्या गठ्ठ्याला मारतात तीच. ती गाठ मारायची कशी हे माझ्या हाताला चाळीस वर्षं माहीत आहे. ती एका टोकाच्या ओढीनं सुटावी म्हणूनच मारतात, हेही माहीत आहे. त्या वेळी सुचलं नाही. तंबू आणि सतरंजी उचलली, दगडांवरून पाय टाकत वर गेलो. पाणी आणि शिदोरी दुसऱ्या खेपेला आणू म्हटलं. बुडू नये म्हणून घातलेलं फुगलेलं जाकीट, उकडत होतं म्हणून काढून कनूतच टाकलं होतं.

तंबूनं तासभर घेतला. शिवणकाम, मापं, कापड यांत हयात गेलेल्या माणसाला एक तंबू सरळ उभा करता येऊ नये, याचं मला त्यातही हसू आलं. मध्येच पश्चिमेचा वारा सुटला, बरं वाटलं. पाणी प्यायला खाली आलो तर खोडाभोवती दोरी नव्हती. माझी लाल कनू दूर पाण्यावर आडवी होऊन हळूहळू चालली होती. मी हाका मारल्या. होडीला हाका मारणारा माणूस कधी बघितला नसेल, तर तो मी. कंबरभर पाण्यात शिरलो, चिखलानं पाय धरले, आणि पोहायला येत नाही हे आठवून परत फिरलो. मग बघता बघता एका झुडपाला धडकून कनू उलटी झाली. पाणी, जेवण, मोबाइल, सगळं तिच्याबरोबर गेलं. टेम्पोवाला येणार होता उद्या दुपारी, आणि मी कुठल्या बेटावर आहे हे त्यालाच काय, मलाही धड ठाऊक नव्हतं.

साडेपाचपासून मावळतीपर्यंतचा तो वेळ मी विसरणार नाही. तोंडाला कोरड, डोकं ठणकत होतं, पोटऱ्यांत असे गोळे येत होते की उभं राहवेना. एकदा ओकारी झाली, त्यात काही पडलं नाही. घाम येणं थांबलं होतं. आणि चहूबाजूंनी पाणी. हात खाली केला असता तर ओंजळ भरली असती. सूर्य टेकला तेव्हा मी सवयीनं हात जोडून चौविहाराचा पाठ म्हटला. दिवसभर धड पाणी न प्यायलेल्या माणसानं रात्रभर न पिण्याचा नियम घेतला, आणि घेतल्यावर जरा बरंही वाटलं. लोकांनी बघितलं असतं तर केवढं कौतुक झालं असतं!

पण एकट्या माणसाला स्वतःशी फार वेळ खोटं बोलता येत नाही. तिथं पडल्या पडल्या मला कळत गेलं, की मी पाणी पीत नव्हतो ते धर्मासाठी नव्हे. कच्च्या पाण्याची भीती होती, सवय होती, ते सगळं खरं. पण खाली एक गोष्ट होती. आज जिवावर आलं म्हणून मी प्यायलो, तर त्या संध्याकाळी हिच्या जिवावर आलेलंच होतं. मला चालतं आणि तिला चाललं नसतं, असं कसं? मी एक घोट घेतला की दोन वर्षं झाकून ठेवलेलं माझ्यासमोर येऊन बसणार होतं. ते बघण्यापेक्षा तहान सोपी वाटत होती. मी हिला मनातल्या मनात म्हणालो, तू निभावलंस, मीही निभावतो. आणि लगेच लक्षात आलं की तिनं निभावलं नव्हतं, मी निभावून घेतलं होतं. मला रडू आलं, डोळ्यांना पाणी आलं नाही.

आमच्या धर्मात देव धावून येत नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तीर्थंकर वाट दाखवतात, चालायचं आपण, भोगायचं आपण. त्यामुळे मी कुणाचा धावा केला नाही, नवकार मंत्र म्हणत राहिलो, तोही तुटक तुटक. आणि उजेड अजून पुरता गेलेला नव्हता तेव्हा बेटाच्या पलीकडच्या बाजूनं बाईचा आवाज आला, "ओ भाऊ! कोनी हाये का?"

एक डोंगा काठाला लागत होता. वल्ह्यावर एक म्हातारा भोई, पुढे जाळ्याच्या ढिगावर त्याची बायको, सत्तरीची तरी असेल, आणि मागे दोरीला बांधलेली माझी कनू. ती उतरून सरळ माझ्याकडे आली. मी तंबूला टेकून बसलो होतो. "रिकामी होडी पालथी दिसली," ती म्हणाली. "म्हटलं, होडी हाये त तिचा मानूस कुठी ना कुठी असीनच." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आबा, बाटली आना."

कोल्ड्रिंकची जुनी मोठी बाटली, तिला ओल्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला. तिनं बूच काढून माझ्यासमोर धरली. तिच्या हाताला मासळीचा वास येत होता. ज्या हातांकडे मी जन्मभर बाजारात नाक धरून पाठ केली, तेच हे हात. मी मान हलवली. बोलायला जीभ वळेना. "दिवस..." एवढंच म्हणालो आणि आभाळाकडे बोट केलं.

तिला कळलं. मला वाटलं होतं हसेल, नाहीतर रागावेल. ती समोर मांडी घालून बसली. "मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "आमच्या गावात मारवाडी शेठानी होत्या, त्याबी दिवस मावयल्यावर काही घेत नव्हत्या. मी जबरी करनार नही." तिनं बाटली मांडीवर धरली. आबा जाळी टाकायचं सोडून उभे होते. मग ती म्हणाली, "तुमच्यासाठी नका पेऊ. पन तुमाले असं टाकीसन मी घरी गेली त मले घास उतरनार नही. माह्यासाठी प्या."

 माझं व्रत तिनं मोडायला सांगितलं नव्हतं, चूक की बरोबर यात पडली नव्हती. माझ्यावरचं ओझं उचलून तिनं आपल्या डोक्यावर घेतलं होतं, बाईनं शेजारणीची घागर उतरवून घ्यावी तितक्या सहज. आणि मला एकदम दिसलं की हे वाक्य मला येत होतं. त्या संध्याकाळी तांब्या हाताशी असताना मी हिला म्हणू शकलो असतो, 'तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी घे.' तिचं व्रत माझ्या अंगावर घेता आलं असतं. मी तसं केलं नाही, कारण मला तिच्यापेक्षा तिचं व्रत जास्त आवडत होतं.

मी ओंजळ पुढे केली. तिनं ओतलं. कच्चं पाणी, सूर्यास्तानंतर, भोईणीच्या हातचं. पहिला घोट घशाखाली उतरला आणि मी मोठ्यानं रडायला लागलो. ती थोडं थोडं ओतत राहिली. "दमानं, दमानं. एकदम पेल्यावर पोटात दुखीन." मी तिला सांगितलं. कुणालाच न सांगितलेलं, ओळख ना पाळख अशा बाईला सांगितलं, की अक्का, माझ्या बायकोनं मरताना पाणी मागितलं होतं आणि मी दिलं नाही. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "रडा मंग. पन आधी बाटली संपवा."

त्या रात्री त्यांनी मला बेटावर राहू दिलं नाही. तंबू आबांनी पाच मिनिटांत गुंडाळला आणि त्यांच्या काठावर, टरबुजाच्या वाडीशेजारी, त्याहून कमी वेळात उभा केला. अक्कानं काही खायला विचारलं नाही, तेवढं तिला माहीत होतं. बोलता बोलता आबा म्हणाले, की रोज त्यांची जाळी पलीकडच्या वळणात असतात. त्या दुपारच्या वाऱ्यानं तिथं जलपर्णी लोटून आणली, म्हणून नाइलाजानं ते या अंगाला आले. म्हणजे ज्या वाऱ्यानं माझी होडी नेली, त्यानंच त्यांना आणलं. मी त्याच्यावर पुष्कळ विचार केला आहे. गोगलगायी चिरडल्या असत्या तर होडी सुटली नसती, होडी सुटली नसती तर अक्का आली नसती, आणि मी मजेत पाणी पिऊन, पुऱ्या खाऊन, आपल्या व्रतासह झोपलो असतो. याला काय म्हणावं ते मला ठरवता येत नाही. पूर्वी मला सगळंच ठरवता यायचं.

सकाळी अक्कानं चुलीवर पाणी उकळून, गार करून, एका बाटलीत भरून दिलं. मी न सांगता. तिच्या पाया पडलो तर ती संकोचली, "शेठ, काहीतरीच करता!" असं म्हणत मागे सरकली. आबांनी दिलेल्या वल्ह्यानं मी कनू वल्हवत परत आलो. एकटाच आलो, आणि वाटेत वाकून दोनदा पाण्याला हात लावला.

चातुर्मासात आमच्या स्थानकात एक महासतीजी, म्हणजे साध्वी, होत्या. आमच्यात आलोचना करतात, गुरूंसमोर बसून आपला दोष जसाच्या तसा सांगायचा आणि प्रायश्चित्त मागायचं. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. बेटावरच्या पाण्याबद्दल त्यांनी एक आयंबिल करायला सांगितलं, म्हणजे एक दिवस एकवेळ अलोणी, कोरडं जेवण. मी म्हणालो, एवढंच? त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज व्रताचं पच्चक्खाण घेता, त्याच्या पाठातच सवलती आहेत. वडीलधाऱ्यांनी सांगितलं तर, जिवाची तगमग होत असेल तर. व्रत घेतानाच ते दार उघडं ठेवलेलं असतं. तीस वर्षं म्हणता आहात, अर्थ कधी वाचला नाही?" वाचला होता. धर्माच्या परीक्षेत मार्कही मिळाले होते. ते शब्द कुणासाठी आहेत याचा कधी विचार केला नव्हता.

मग दुसरी गोष्ट, हिला न दिलेल्या पाण्याची. मी पंधरा उपवास मागितले, महिनाभर मौन मागितलं. मला काहीतरी कठीण हवं होतं, ज्याचं पुन्हा कौतुक होईल असं. हे त्यांनीच ओळखलं. म्हणाल्या, "उपवास तुम्हाला सोपे जातात. दोन वर्षं जे कौतुक घेतलंत ते परत करा. ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांना खरं सांगा. मुलीला आधी." म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना भेटून सांगता आलं त्यांना सांगितलं. काहींनी समजूत घातली, एक-दोघांनी बोलणं कमी केलं. बाकीच्यांसाठी हे पान.

मुलीला फोनवर सांगितलं.  तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पप्पा, तिनं किती वेळा मागितलं?" मी म्हणालो, "एकदाच." ती म्हणाली, "आणि तुम्ही मला दोन वर्षं काय सांगत होतात!" फोन बंद झाला. नऊ दिवस तिचा फोन आला नाही. पूर्वीचा मी असतो तर दुसऱ्याच दिवशी समजावत बसलो असतो, व्रताचा अर्थ, माझा हेतू, कर्माचा उदय. या वेळी काही केलं नाही. बेटावर तंबूला टेकून बसलो होतो तसा बसून राहिलो. माझ्या हातात काही नाही, हे तिथं एकदा कळलं होतं, ते इथं उपयोगी पडलं. आणि नवल म्हणजे त्या नऊ दिवसांत माझी माळ चालली. प्रत्येक मणी जड होता, पण खरा होता.

दहाव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. तिकडे सकाळ असते. ती म्हणाली, "पप्पा, सूर्यास्ताला वीस मिनिटं आहेत. पाणी प्यायलात?" मी म्हणालो, पितो आता. ती म्हणाली, "आता प्या. मी फोनवर आहे."

तेव्हापासून रोज या वेळेला तिचा फोन येतो. चौविहार माझा चालू आहे, महासतीजींनी तो सोडायला सांगितलं नाही. मला क्षमा केली असं मुलगी कधी म्हणाली नाही, आणि मी विचारलेलं नाही. मागून घ्यायची ती वस्तू नाही, एवढं मला आता समजतं. अक्काची, त्या वाऱ्याची, या रोजच्या फोनची मी काही लायकी कमावलेली नव्हती. जे आलं ते हात पुढे करून घेतलं, एवढंच. मी उकळून गार केलेलं पाणी पेल्यात ओततो आणि फोन तोंडाशी धरून पितो.  पेला रिकामा झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.